हॉलंडला जाऊन आले

आई, मी हॉलंडला जाऊन आले. ते नाव तुला ऐकून माहीत आहे. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये आपण ज्या पेट्या भरायचो त्यांतल्या बऱ्याचशा तिकडेच जायच्या, आणि तू म्हणायचीस, "द्राक्षं लय लांब जातात, आपण काय निफाडच्या पुढं जात नाय." मी गेले ती फिरायला नाही. तुला जे झालं होतं तेच मला झालं. छातीतल्या गाठीपासून सुरू झालं आणि यकृतापर्यंत पोचलं. नाशिकमध्ये जेवढे उपचार होते तेवढे घेऊन झाले, आणि एक दिवस डॉक्टर मॅडम समोरची फाइल मिटून म्हणाल्या, "आता माझ्याकडे देण्यासारखं फारसं काही राहिलं नाही."

तुझं आजारपण मला पॅकहाऊसमधल्या एका सकाळपासून आठवतं. दहावी झाल्यावर मी तुझ्याबरोबर कामाला यायला लागले होते. तू टेबलाशी उभी आहेस, एका हातात घड, दुसऱ्यात कात्री, आणि खराब मणी तेवढे टिपून काढते आहेस. मी घड मण्यांना धरून उचलला म्हणून माझ्या हातावर चापट मारतेस. "देठाला धर. मण्यावरची पावडर पुसली की माल गेला." मग वरची पेटी काढायला हात उचलतेस आणि कळवळून खाली बसतेस. त्या दिवशी घरी मी खनपटीलाच बसले, तेव्हा तू माझा हात धरून ती गाठ मला चाचपायला लावलीस. चांगली लिंबाएवढी होती. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर चुलीपुढं भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सीझन संपू दे गं. मग जाऊ." सीझन संपला, आपण गेलो, आणि पुढची द्राक्षं यायच्या आत तू गेलीस. कित्येक वर्षं माझा तुझ्यावर राग होता.

माझी लेक हॉलंडला नोकरी करते. तिनं तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशी केली, माझे रिपोर्ट पाठवले. एक नवं औषध होतं, अजून बाजारात न आलेलं; ते थोड्या बायकांना देऊन बघत होते आणि मला त्यात घ्यायला तयार झाले. ती फोनवर हे सांगत होती तेव्हा मी नाशिकला, इंदिरानगरच्या घरी पोळ्या लाटत होते. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "माल सुरू झालाय. पॅकहाऊसची सुपरवायझर मी, मीच रजा घेतली तर कसं? सीझन संपू दे." हे समोर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "हे तुझं बोलणं नाही. तुझ्या आईचं आहे. तूच मला शंभरदा सांगितलंयस." मी लाटणं खाली ठेवलं. दुपारी पॅकहाऊसच्या मालकांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "द्राक्षं काय, दरवर्षी येतात ताई. तुम्ही जाऊन या."

तिथं विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि कोल्ड स्टोअरेजचं दार उघडल्यासारखी थंडी अंगावर आली. डॉक्टर बाई लेकीच्याच वयाची असेल. तिनं सगळं समजावून झाल्यावर मी सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्यावर प्रयोग करणार का?" लेक ओशाळली, पण तिनं ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "हो. उपयोग होईलच असं मी सांगू शकत नाही. त्रास मात्र होईल. नको वाटलं तर कधीही थांबा." खोटं वाटेल तुला, पण त्या क्षणी मला हलकं वाटलं. आजार कळल्यापासून जो येईल तो "काही होत नाही, धीर धरा" म्हणून जात होता. माहीत नाही असं तोंडावर म्हणणारी ती पहिलीच.

पहिल्या इंजेक्शननंतर हुडहुडी भरून असा ताप चढला की लेक माझे पाय चोळत बसली आणि मी तिच्याशी भांडत राहिले, मला घरी ने, मला नाशिकला मरू दे. ताप उतरला. पुढची इंजेक्शनं सोसली. मग तपासणी झाली आणि डॉक्टरनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. ती बोलत होती, आणि लेक एकदम रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं.

"अगं, सांग ना. काय म्हणतेय ती?"

"आकसलंय, आई. निम्म्याहून जास्त आकसलंय."

गेलेलं नाही, हे डॉक्टरनं पुन्हा पुन्हा बजावलं. मला ते कळलं आहे. अधूनमधून तिकडे जावं लागेल, आणि एखाद्या खेपेला वेगळंही ऐकावं लागेल. पण आज मला मेथीच्या फोडणीचा वास येतो, भूक लागते, रात्री झोप लागते. पॅकहाऊसमध्ये खुर्ची टाकून बसते आणि नव्या पोरींना ओरडते. तुझ्यावरचा रागही कुठं तरी निवला. सीझन संपू दे म्हणताना तू अडाणीपणा करत नव्हतीस, घाबरली होतीस. मीही तशीच घाबरले होते. फरक इतकाच की माझ्यासमोर कोणी तरी जेवत बसलं होतं आणि पुढं जायला एक जागा होती. तुला यातलं काहीच नव्हतं.

हे लिहिलेलं मी आजच फाडून टाकणार आहे, कारण लेकीच्या हाती पडायला नको. सगळ्यांना मी सांगते की तिनं गळ घातली म्हणून गेले, आणि तिलाही तसंच वाटतं. वाटू दे. पण मी तिच्यासाठी गेले नाही, ह्यांच्यासाठीही नाही. मला जगायचं होतं, आई. माझं मलाच.