गुडघ्याचं निमित्त

काकू, आज मी शिखरावर गेले नाही. दुसरा लीडर बाकीच्या सातजणांना घेऊन वर गेलाय आणि मी कच्च्या रस्त्याच्या टोकाला गाडीत बसून हे लिहितेय. मागच्या सीटवर एक मुलगी झोपली आहे. नागपूरची, फिनिक्सला एमएस करतेय, आपल्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच आलेली. तासभर चढल्यावर तिला गरगरायला लागलं, म्हणून मी तिला घेऊन परत फिरले. मीठ-साखरेचं पाणी दिलं, आता बरी आहे. डोळे मिटण्याआधी म्हणाली, "सॉरी मावशी, माझ्यामुळे तुमची हाइक वाया गेली." मी म्हटलं, "वाया कसली? झोप तू." ती झोपली आणि मला तुमची आठवण आली. फोनला रेंज नाही, वाचायला काही आणलेलं नाही. आलेल्यांच्या यादीचा कागद होता, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय.

तुम्ही मला या वाळवंटातल्या डोंगरांत आणलंत तेव्हा मीही अशीच स्टुडंट होते. तुम्ही हॉस्पिटलातून नुकत्याच रिटायर झाला होतात. जन्मभर लोकांना भूल दिली, आता जरा जागं राहून बघते, म्हणायचात. हिवाळ्यातल्या शनिवारी तुमच्या व्हॅनमध्ये आम्ही सहा-सातजण, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पायाला चिकटलेले निवडुंगाचे गोळे उडवायला एक जाड दातांचा कंगवा. पायवाट अशी नसतेच. कोरड्या ओढ्यातून चालत जायचं, मग घसरत्या दगडांवरून वर. निघताना तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, "पाणी किती घेतलंस?" एका फेब्रुवारीत मी "चार लिटर" म्हणाले आणि सॅकमध्ये दोनच होतं. ओझं नको होतं, एवढंच. उतरताना आपण चुकीच्या घळीत शिरलो. पुढे सरळ कडा. पुन्हा वर चढून यावं लागलं आणि बरोबरच्या एका काकांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. "कोणाकडे पाणी आहे?" असं विचारून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझं कधीच संपलं होतं. तुम्ही तुमची शेवटची बाटली त्यांना दिलीत आणि गाडीपर्यंत दीड तास तोंड मिटून चालत राहिलात.

तिथे मला काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी बोलावलंत. मी ओट्यापाशी उभी, तुम्ही दुधी चिरताय. वर न बघता म्हणालात, "तुला तहान लागली, तो तुझा प्रश्न. पण तू चार लिटर म्हणालीस म्हणून मी दुपारी पुढे जायचं ठरवलं. खरं बोलली असतीस तर मी सगळ्यांना तिथूनच परत आणलं असतं." मी रडले. तुम्ही भाजी फोडणीला टाकलीत आणि मला जेवायला वाढलंत. पुढच्या ट्रिपपासून प्रत्येकाची सॅक उघडून पाणी बघायचं काम माझ्याकडे आलं. आजही मीच बघते, आणि लोक वैतागतात.

मग नऊ हिवाळे मी तुमच्याबरोबर आले. शेवटच्या हिवाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या बाजूला, शिखर समोर दिसत होतं. फार तर वीस मिनिटं. तुम्ही एका खडकाला टेकलात. ओठ पांढरेफटक पडले होते. मी मागे आले, तर हळूच म्हणालात, "यांना सांग, तुझा गुडघा दुखतोय."

"काकू, काय होतंय तुम्हाला?"

"दम लागलाय. सांग तू."

मी सांगितलं. सगळे हळहळले, कोणीतरी क्रेप बँडेज बांधलं. ग्रुप तुटू द्यायचा नाही हा तुमचा नियम, त्यामुळे सगळेच परत फिरले आणि मी चार तास न चुकता लंगडले. वाटेत तुम्ही दोनदा बजावलंत, "घरी बोलू नकोस. मी डॉक्टर आहे, मला कळतं." मी बोलले नाही. एप्रिलमध्ये हार्ट अटॅकने तुम्ही गेलात. फ्युनरल होममध्ये तुमच्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "डिड शी एव्हर कम्प्लेन? एनीथिंग?" मी नाही म्हटलं. तुमच्या ओट्यापाशी एकदा रडून झालं होतं, तरी मी पुन्हा खोटंच बोलले.

ते "नाही" मी कितीतरी वर्षं बाळगलं. गेल्या उन्हाळ्यात तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आय नो. शी टोल्ड मी दॅट नाइट. शी सेड यू लिम्प्ड ऑन द राँग लेग हाफवे डाउन." आणि हसली. मग आम्ही दोघी रडलो. तिने तुम्हाला डॉक्टरकडे नेण्यासाठी पुष्कळ वाद घातला होता म्हणे. तुम्ही ऐकलं नाहीत. फ्युनरल होममध्ये तिने मला विचारलं होतं ते त्याआधीही कधी काही झालं होतं का, एवढ्यासाठी.

मुलगी जागी होतेय. तिला काहीतरी खायला द्यायला हवं. हा कागद घरी गेल्यावर यादीबरोबर रद्दीत जाईल. तुमच्या मुलीला वाटतं, मी तुमच्या काळजीने त्या दिवशी इतकी मन लावून लंगडले. तिला मी एक गोष्ट सांगितली नाही. तुमचे पांढरे ओठ दिसत होते, तरी उतरताना मला काळजी वाटत नव्हती, काकू. मला तुमचा राग आला होता. वीस मिनिटंच उरली होती.