डावी नळी

बाबा, आज खदानीत तुमची खूण असलेली बंदूक फुटली. धमतरीकडच्या एका शेतकऱ्याची दुनळी, आजोबांपासून घरात असलेली. धानात शिरणारी रानडुकरं एका बाराला पळत, म्हणून डावी नळी कधी भरलीच नाही, असं तो सांगत होता. आता कळप मोठे झालेत, परवाना मुलाच्या नावावर झालाय, मुलाला दोन्ही नळ्या हव्यात. तेल-सफाईला आणली होती. मी म्हटलं, चालवून पाहिल्याशिवाय देणार नाही. तो हसला. नळीखालची तुमची खूण दाखवून म्हणाला, "दीदी, बाबूजी पास कर चुके हैं. आप उनसे बड़ी हो गईं क्या?"

तुमच्या वेळीही लोक असेच रुसत. सदर बाजारातल्या आपल्या दुकानात एक म्हातारा म्हणाला होता, "मेरे दादा की बंदूक पे शक?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "दादाजी पे नहीं भैया, लोहे पे." मग आपण खदानीत जायचो. बंदूक ट्रकच्या जुन्या टायरला पट्ट्यांनी आवळायची, चापाला लांब दोरी बांधायची आणि दगडाआडून ओढायची. प्रत्येक नळी दोनदा, मगच तुमची खूण. एकदा मी नळी उजेडाकडे धरून म्हटलं, आत चकचकीत आहे. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "डोळ्यानं काय पाहून राहिली? चमक दिसते, चीर नाही दिसत."

ही दुनळी पहिल्यांदा आली तेव्हा तुमचा गुडघा सुजलेला. मी एकटीच गेले. उजवी नळी दोनदा झाली आणि दोरी तुटली. दुसरी दोरी वर रस्त्यावर, गाडीच्या डिक्कीत. ऊन फार होतं. संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते आणि केसांना बारुदीचा वास येत होता. मी डावी नळी उजेडाकडे धरली. आत चकचकीत होती. घरी येते तेव्हा तुम्ही खाटेवर पाय पसरून बसला आहात. विचारता, "दोन्ही झाल्या?" मी म्हणते, "हव." तुम्ही बंदूक मांडीवर घेता आणि खूण ठोकता. माझ्याकडे बघतही नाही.

आज डावीचा पहिलाच बार. आवाज मोठा नव्हता, कापड फाटावं तसा होता. आम्ही दगडाआडून बाहेर आलो तर नळी वीतभर उकललेली, टायर चिरलेला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग उकललेल्या जागेशी बोट नेऊन म्हणाला, "लड़का यहीं पकड़ता है."

येताना सदर बाजाराच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा तो माझीच समजूत काढल्यासारखा म्हणाला, "बाबूजी की उमर हो गई थी, दीदी. चूक हो जाती है." मी मान डोलावली.

फुटलेली बंदूक दुकानातच आहे. तिचे कागद न्यायला तो उद्या येईल. इथे मी 'त्याला सांगेन' असं लिहिलं होतं. खोडलं.