पायाळूची लाथ

नयनदादा,

मी तुले न उठवताच शाळेत शिकवायले चालली. काल डॉक्टर म्हणाले, सुजेनं तुहे मणके एकमेकाले चिकटले, म्हणून तू वाकला. पाठीले मार लागला तर मोडतीन. तवापासून तुह्याकडे पाहावत नाही मले.

मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. अशाची लाथ बसली की पाठ बरी होते, असं आई सांगे, अन् मी सात वर्षं दर अमावस्येले तुह्या पाठीत लाथ मारली. दर वेळी तू "आता बरं वाटते" म्हणत उठला.

आरसा खाली लावला आहे, दाढी करताना मान ताणू नको. गोळी जेवल्यावर घे. कोणी चमक भरलेली कंबर घेऊन आलं तर परत पाठवजो. निकिता आता कोणालेच लाथ मारत नाही म्हणजो.

संध्याकाळी एवढंच सांगजो. एकदा तरी खरंच बरं वाटलं होतं का रे?

निकिता