चूकभूल देणे घेणे

नांदेड, ५ डिसेंबर २०२५

ती. दादास,

शरणू शरणार्थी. वि. वि.

पैशाचं बोलणं निघालं की फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून पत्र. धपाटी पोचली. शेंगाचटणी वहिनीच्या स्वभावासारखी झालीय, तिखट पण हवीहवीशी.

आता आपल्या धाकट्या बहिणीचं. शिवकन्येचा लेस्टरचा व्हिसा फेब्रुवारीत संपतो. रुद्रेशराव तिथलेच नागरिक, पण नोकरी बदलल्यापासून बायकोला तिथं ठेवण्याइतका पगार कागदावर दिसत नाही. त्याऐवजी बँकेत सहा महिने न हललेली शिल्लक दाखवली तरी चालते, म्हणून तर आषाढात आपण तिला पैसे पाठवले. तू दुकानातले, मी माडीसाठी साठवलेले. आता तिचा वकील म्हणतो, दोघांनी लिहून द्या की ही भेट आहे, उसनवारी नव्हे, परत मागणार नाही.

दादा, व्हिसा झाला की ती पैसे परत करणार, हे आपल्या तिघांत ठरलेलं आहे. मग मी काय लिहू? रोजनिशीत याचीच पानं भरतेय. नाही लिहिलं तर पोरीला नवरा तिथं सोडून इकडं यावं लागेल. लिहिलं तर कॉलेजात पोरांना कॉपी करू नका म्हणायला कोणत्या तोंडानं उभी राहू?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी वर्षा

लातूर, ११ डिसेंबर २०२५

चि. वर्षाराणीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सारे मजेत.

तुझं पत्र ऐकून तुझी वहिनी म्हणाली, वर्षाताईंचा भाजीत मीठ टाकतानाही हात दहादा मागे येत असेल. कमी पडलं तर फसवणूक, जास्त झालं तर हिंसा.

अगं, लई विचार करून राहिलीस. मी तर त्याच दुपारी आडतीवर बसून लिहून टाकलो. बाहेर सोयाबीनच्या गाड्या उभ्या, हमालांचा कालवा, तरी लिहिलो. 'शिवकन्येस स्वखुशीने भेट दिली, परत मागणार नाही.' खाली सही, दुकानाचा शिक्का. फोटो काढून पाठवलो पण. बाकी घरातलं घरात. तिथल्या साहेबाला काय करायचंय? तू पण सही कर बाई, धाकटीला झोप नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. येत जा, नांदेड काही लेस्टर नाही.

चूकभूल देणे घेणे.

मृत्युंजय

नांदेड, २ जानेवारी २०२६

ती. दादास,

शरणू शरणार्थी. वि. वि.

तुझं ते भेटीचं पत्र वकिलानं परत पाठवलं! तिथल्या भाषांतर करणाऱ्या बाईंनी शब्दाला शब्द इंग्रजी केलं. वर परत मागणार नाही म्हणतोस, आणि सहीच्या डोक्यावर तुझी बिलावरची सवय, 'चूकभूल देणे घेणे'. आपल्याकडे त्याचा अर्थ काही चुकलं असल्यास सांभाळून घ्या, एवढाच. बाईंनी लिहिलं, दोघांत काही देणं, काही घेणं बाकी आहे. माझ्या लग्नपत्रिकेतही तू ती ओळ छापायला निघाला होतास, तेव्हाच पेन काढून घ्यायला हवं होतं.

शिवकन्या म्हणाली, तिनं वकिलाला खुलासा लिहायला घेतला आणि पुसून टाकला. कारण बाईंचं चुकलं कुठं? घेणं बाकी होतंच की.

त्यावर मी फार विचार केला. (हस.) मग यांना सांगितलं की माडी होणार नाही. हे म्हणाले, चढायला गुडघे तरी कुठं राहिलेत. त्यानंतरच सही केली. आता माझं पत्र खरं आहे. तुझी ती ओळ खोडून नवं पत्र दे, घाई आहे. पण आधी मनात ठरव, मग खोड.

आगाऊपणा पोटात घाल.

वर्षा

लातूर, ८ जानेवारी २०२६

चि. वर्षाराणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रुसून बसलो होतो. धाकटी बहीण मला खरं-खोटं शिकवणार, व्हय का? वहिनीला बोललो तर ती उलटून विचारते, लग्न झाल्यापासून शिवकन्येला भाऊबीजेची ओवाळणी एकदा तरी पोचली का? मी म्हणालो, ती तिकडं, मी इकडं, कशी पोचावी? त्यावर म्हणते, आषाढात पैसे तर बरोबर पोचले की. या बाईला आडतीवर नाही, कोर्टात बसवायला पाहिजे.

तर ठरलं. ही तिची आजवरची आणि ती म्हातारी होईपर्यंतची सगळी ओवाळणी. ओवाळणी परत घेणारा भाऊ अजून लातुरात जन्मला न्हाई. नवं पत्र गेलं. सवयीनं हात शेवटच्या ओळीकडं गेला होता, वहिनीनं पेनच काढून घेतलं. तुला मात्र दरसाल मिळते तेवढीच ओवाळणी मिळेल, नोकरदार आहेस.

सुखी राहा. खाली काही लिहीत नाही, भीती वाटते.

मृत्युंजय

लेस्टर, २० मार्च २०२६

ती. दादा-वहिनी आणि ताईस,

शरणू शरणार्थी. वि. वि.

व्हिसा मिळाला! फोनवर तुम्ही तिघंही एकदम बोललात, मला काही ऐकूच आलं नाही, म्हणून हे पत्र.

काल रुद्रेशनी पैसे परत पाठवायला मोबाइल काढला, तो मी हिसकावून घेतला. सासरचं ओझं नको, असं ते म्हणत होते. मी सांगितलं, माझ्या भावानं आणि बहिणीनं सहीनिशी खरं लिहिलंय. आपण परत करून त्यांना खोटं पाडायचं का? मग त्यांनी शिरा करायला घेतला. करपला, पण दोघांनी संपवला.

दादा, दिवाळीला ओवाळायला येते आहे. ताटात काही घालू नकोस, नुसता समोर बस. ताई, तुझ्या माडीविषयी मी काही विचारणार नाही, तू त्याचीही पानं भरशील.

अशीच माया ठेवा.

चूकभूल घेतली आहे. देणार नाही.

तुमची शिवकन्या