एकूण ४१२

९ मार्च २०१९, सकाळ
आजपासून रोजनिशी. आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी काढली. सेक्रेटरी मी, तेव्हा सगळा कारभार कॉम्प्युटरवर. वह्या बंद. केजला तीन दिवस क्लास केलाय, उगीच नाही.

१० मार्च
तक्ता तयार. वर शीर्षकाची रांग: मालक, गाव, जनावरं. निळा रंग दिला, फ्रीझ केली. कितीही खाली जा, ती जागची हलत नाही. शेवटी 'एकूण'ची रांग, पिवळी, ठळक. १३८ मालक, ४१२ जनावरं. चेअरमन मोहनराव खुर्ची ओढून बघत बसले. म्हणाले, पंडित, आता रोजचा चारा या आकड्यावरच मागवायचा. ऊर भरून आला.

२ एप्रिल
ऊसतोडीच्या टोळ्या बैल घेऊन परतायला लागल्या. नव्या नोंदी. पिवळी रांग लई देखणी जमलीय, तिला धक्का लावायचा नाही. नवे लोक तिच्या खाली लिहितो. जागा रग्गड आहे.

११ एप्रिल
एकूण ४१२. शेजारच्या छावणीत आकडा रोज वर-खाली होतो म्हणे. आमचा ढिम्म हलत नाही. याला शिस्त म्हणतात.

१९ एप्रिल
चारा वाटणारा सटवा म्हणतो, अण्णा, शेवटच्या दावणीपर्यंत पेंढ्या पुरत न्हाईत, एकदा येऊन बघा. त्याला स्क्रीन दाखवली. हा चारा बाहेर विकतो काय? लक्ष ठेवायचं.

२७ एप्रिल
शेवटच्या दावणीची मुक्ताबाई ऑफिसात. बैलजोडी आहे तिची. एक बैल बसलाय, उठत न्हाई म्हणे. बैल हायेत तवर पोराला उसाची गाडी हाय, न्हाई तर काय करावं त्यानं, म्हणून रडली. मी समजावलं, मावशी, तुमचं नाव तक्त्यात आहे, रांग १६१. नाव आहे म्हणजे चारा आहेच.

२८ एप्रिल
सटव्याला काढला. मोहनरावांनी सही केली. जाताना त्यानं वजनकाटा पुसून ठेवला. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

३ मे, दुपार
सटवा नाही तरी चारा पुरत नाही. आता वाटायला हरिबा आहे, तोही तेच सांगतो. म्हणजे हाही सामील. मी दिसलो की छावणीतली माणसं बोलायची थांबतात. शेवटच्या दावणीला आणखी पाच जनावरं बसलीत म्हणे. तिकडं गेलो नाही. ऊन फार आहे.

७ मे
मुक्ताबाईचा बैल सकाळी मेला. नोंद कमी करायला बसलो. दोनचा एक केला. एकूण ४१२. पुन्हा केला. ४१२.

पिवळ्या रांगेवर क्लिक केलं. बेरीज १३९व्या रांगेपर्यंतच होती. खालचे एकतीस मालक, त्यांची चौसष्ट जनावरं, महिनाभर एकाही मागणीत नव्हती. सटव्यानं काही विकलं नव्हतं.

दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. एकूण ४७५.

मुक्ताबाई दारात बसलीय. भांडत नाही. दुसऱ्या बैलाला आज तरी चारा मिळंल का, एवढंच विचारतेय. आजची मागणी मी सकाळीच पाठवली, ४१२ची.