ईशान्येला सरकवलेलं कॉलेज

मुक्काम कोंडवारिपालेम,
ज्येष्ठाचा पहिला आठवडा

परमपूज्य बावगारू यादगिरीराव यांना, तुमचा एकुलता एक मेहुणा वीरभद्रम याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानंच घातलाय, गोड मानून घ्या).

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुमची शुगर कुठवर उतरली, अक्काचे गुडघे काय म्हणतात, शेजारच्या रिटायर्ड जजसाहेबांनी तुमच्या गेटसमोर गाडी लावायची सोडली की नाही, हे सगळं सविस्तर कळवा. मी फोन केला असता, पण फोनवर कॉलेजचा विषय काढला की तुम्ही हसता, आणि तुम्ही हसलात की मी रिसीव्हर आपटतो. (मोबाइल आपटण्यात काही अर्थ नसतो, हे गेल्या संक्रांतीला कळलं. नवा घ्यावा लागला.) कागदावर मात्र माणसाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

दहा वर्षांपूर्वी आपलं राज्य फुटून दोन राज्यं झाली त्या आठवड्यात आपलं काय बोलणं झालं, ते तुम्हाला आठवत असेलच. फोन तुम्हीच केला होता. "काय वीरभद्रम, आता हैदराबादला यायचं तर पासपोर्ट काढ हो," असं म्हणालात. मला राग आला. कुणालाही आला असता. हैदराबाद तुमच्याकडे गेलं, बायकोही आमच्याच घरची तुमच्याकडे, आणि वर चेष्टा! मी म्हटलं, हसा हसा, पण सरकारनं आम्हाला लेखी आश्वासनं दिलीत, आणि त्यात फळप्रक्रियेचं केंद्रीय कॉलेज आमच्या कोंडवारिपालेमला मिळणार आहे. ते कॉलेज उभं राहील तेव्हाच तुमच्या दारात पाऊल टाकीन, तोपर्यंत नाही. तुम्ही म्हणालात, "मग तुझ्या अक्काचा एखादा फोटो जवळ ठेव." बावगारू, ते वाक्य मला लागलं. इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी मी 'आश्वासन पाठपुरावा समिती' काढली. अध्यक्ष मी, खजिनदार पोस्टातून निवृत्त झालेले पिच्चय्यागारू, आणि सल्लागार आपले सिद्धांतीगारू, जे पंचांग सांगतात, वास्तू बघतात आणि चहा कुणाच्याही खात्यावर पितात.

समितीनं काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या टेंट हाउससमोर मी काळा फळा लावला आणि त्यावर कॉलेजची ताजी स्थिती रोज खडूनं लिहायला लागलो. लोक बाजारात जाताना बघून जायचे. सरकारी उत्तरांच्याही जाती असतात, हे मला तेव्हाच कळायला लागलं. 'विचाराधीन' म्हणजे कैरी, अजून कोय पण धरलेली नाही. 'तत्त्वतः मान्य' म्हणजे पाड लागलाय. 'अहवाल मागवला आहे' म्हणजे आंबा माकडानं नेला. आमचं कॉलेज दहा वर्षं या तिन्हींमधून गोल गोल फिरतंय. मधल्या काळात पायाभरणी तीनदा झाली. पहिल्या दगडावर ज्यांचं नाव होतं ते निवडणुकीत पडले, म्हणून दुसऱ्यांनी दुसरा दगड बसवला. मग दिल्लीहून कुणी आले, त्यांना आधीच्या दोन्ही दगडांशेजारी आपलाही एक हवा होता. तिन्ही वेळा मांडव माझा, खुर्च्या माझ्या, माइक माझा. यावर अक्काच्या भावजयीचं, म्हणजे आमच्या रत्नकुमारीचं म्हणणं असं, की कॉलेज आलं तर माझा मांडवाचा धंदा बसेल, म्हणूनच येत नाही. बायकोनं नवऱ्याबद्दल असं बोलावं का, हे तुम्हीच सांगा. (सांगू नका. तुम्ही तिचीच बाजू घेणार.)

आता मुख्य गोष्ट. आमची मुलगी मनोज्ञा गेल्या वर्षी इंटर, म्हणजे बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. तिला हेच शिकायचंय, फळांचं. लहानपणापासून ती आवकाय घालताना आईला विचारते, मोहरीनं लोणचं टिकतं कसं, तेल वर का येतं. आणि तिची आई सांगते, गप बस आणि फोडी पूस. मुलगी हैदराबादच्या कॉलेजला अर्ज करायला निघाली तेव्हा मीच तिला थांबवलं. म्हटलं, अगं, वर्षभर कळ काढ, 'तत्त्वतः मान्य' झालंय, पुढच्या जूनमध्ये तू आपल्या घरून सायकलवर कॉलेजला जाशील, दुपारी जेवायला घरी येशील. पोरगी थांबली. वर्षभर घरात बसून तिनं माझी मांडवाची बिलं लिहिली. एक दिवस तोंडावर म्हणाली, "नान्ना, तुमचं कॉलेज झालं की मला नक्की कळवा, माझ्या नातवाला घालीन तिथं." आईचीच जीभ आहे. पण यंदाही ॲडमिशन हुकली तर तिचं दुसरं वर्ष जाणार, हे मलाही कळत होतं. झोप लागेना.

म्हणून फाल्गुनात समितीची तातडीची बैठक बोलावली. पिच्चय्यागारूंनी आणखी एक स्मरणपत्र पाठवायचं सुचवलं. (त्यांना स्टँप चिकटवायची सवय लागलेली आहे, बाकी काही नाही.) तेवढ्यात सिद्धांतीगारूंनी पेसरट्टू खाता खाता विचारलं, की त्या जागेत तिन्ही दगड कुठल्या दिशेला आहेत? आम्ही एकमेकांकडे बघितलं. दहा वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! आम्ही तिघं ताबडतोब जागेवर गेलो. सिद्धांतीगारूंनी होकायंत्र काढलं आणि कपाळाला हात लावला. वायव्येला! बावगारू, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वायव्येला वाऱ्याचं राज्य. तिथं ठेवलेली वस्तू एका जागी थांबत नाही, म्हणून तर लग्नाच्या मुलीला त्या खोलीत झोपवतात. आमची फाइल दहा वर्षं या ऑफिसातून त्या ऑफिसात का फिरतेय, याचं कारण तिथं चिंचेखाली उघडं पडलं होतं. मला इतका आनंद झाला की मी सिद्धांतीगारूंना मिठी मारली.

उपाय एकच, दगड ईशान्येला न्यायचे. पण त्यातही भानगड निघाली. त्या जमिनीचा ईशान्य कोपरा कालव्यानं कापलेला. ईशान्य कापलेली असणं म्हणजे घरात काय काय होतं ते तुम्ही स्वतः भोगलंय (तुमच्या जुन्या घराची मोरी). सिद्धांतीगारू म्हणाले, कापलेली असेल तर वाढवून घ्यायची, वाढलेली ईशान्य म्हणजे लक्ष्मी चालत येते. कालव्यापलीकडे गवताळ पडीक जमीन होती, कुणाच्या कामाची नव्हती. मग पहाटेचा मुहूर्त काढला, माझा मांडवाचा ट्रॅक्टर घेतला, मांडवाचेच खांब तरफेसारखे लावले आणि तिन्ही दगड ज्येष्ठतेनुसार पलीकडे नेऊन बसवले. नारळ फोडला, कोहळा फोडला. रत्नकुमारीनं केलेला पुलिहोरा, आपला चिंचेचा भात, सगळ्यांना वाटला. पिच्चय्यागारूंच्या पायावर दुसऱ्या सरकारचा दगड पडला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचा त्या पक्षावर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

आणि बघा चमत्कार! दीड महिन्यात दिल्लीहून साहेब आले. दहा वर्षांत जे झालं नाही ते झालं. तरुण, टापटीप, हातात जागा मोजायचं यंत्र. मी त्यांना हार घातला, फळ्यावर 'साहेब आले' असं लिहिलं, मनोज्ञाला नवा लंगा-ओणी नेसवून पुढे उभं केलं. म्हटलं, ही तुमची पहिली विद्यार्थिनी. साहेब हसले, तिच्याशी छान बोलले, मग दगडांपाशी गेले आणि यंत्र लावलं. पुन्हा लावलं. कालव्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "हे दगड पातगुंट्याच्या हद्दीत कसे?"

बावगारू, आता तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या, मी इथं थांबतो.

हसलात? बरं. दोन वर्षांपूर्वी आमच्या राज्यानं जिल्हेही फोडले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कालव्याच्या अलीकडे आमचा जिल्हा राहिला आणि पलीकडे, पातगुंट्यासकट, नवा जिल्हा झाला. आम्ही वाढवलेली ईशान्य दुसऱ्या जिल्ह्यात वाढली होती. साहेबांना मी दिशांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं, सिद्धांतीगारूंनी श्लोकही म्हटले, पण तो मुलगा कुठल्या तरी भलत्याच शाळेत शिकलेला. त्यानं लिहून नेलं, की पायाभरणी जिथं झाली आहे तिथंच संस्था व्हावी. तीन सरकारांचे तीन दगड एका जागी असताना त्याला तरी दुसरं काय सुचणार? आता कॉलेज पातगुंट्याला 'तत्त्वतः मान्य' आहे. तिथल्या लोकांनी, ज्यांना आजवर शेळ्या चारण्यापलीकडे त्या गवताचा उपयोग माहीत नव्हता, दगडांना हळदकुंकू लावलंय, समिती काढलीय, आणि चौथ्या पायाभरणीसाठी मांडव सांगायला माझ्याकडेच आले होते. मी दिला. धंद्यात राग आणू नये. पण घरी येऊन मनोज्ञासमोर जाऊन बसलो. तिनंच पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "जाऊ दे हो नान्ना, ईशान्येलाच गेलंय, वाया नाही गेलं." मग ती हसली आणि मीही हसलो. आमची रत्नकुमारी मात्र स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवत होती.

तर असं आहे सगळं. यंदा कैऱ्या मात्र झकास आल्यात. अक्काला सांगा, आंबटपणा जसा तिला आवडतो तसाच आहे. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
वीरभद्रम
(अध्यक्ष, आश्वासन पाठपुरावा समिती; खजिनदार पाय बरा झाल्यावर येतील)

ताजा कलम: आवकायची बरणी सोबत आहे. पोस्टावर पिच्चय्यागारू सोडून कुणाचाच विश्वास नाही, म्हणून बरणी आणि पत्र खास माणसाबरोबर पाठवतोय.

दुसरा ताजा कलम: ते खास माणूस म्हणजे मनोज्ञा. ती आत्ता तुमच्या दारात उभी आहे. पत्र वाचून झाल्याशिवाय बोलू नकोस असं मीच तिला बजावलंय, आणि पत्र लांबलं. तेव्हा आधी तिला आत घेऊन बसवा. तिनं आणि तिच्या आईनं मला न विचारता हैदराबादच्या कॉलेजला अर्ज केला होता. सीट लागली आहे, सोमवारपासून वर्ग आहेत. वसतिगृहात ठेवायला तिची आई तयार नाही. तुमच्याकडे राहील का? दहा वर्षं मी तुमच्याकडे काहीही मागितलं नाही, हे लक्षात घ्या. तिला कमी तिखट चालतं, अभ्यासाला उठवावं लागत नाही, आणि तुम्ही चेष्टा केलीत तर ती उलट उत्तर देईल, त्यानं तुमचीही करमणूक होईल.

तिसरा ताजा कलम: अक्षर वाकडं आलंय, कारण हे उभ्यानं लिहितोय. मुलीला एवढ्या लांब एकटीला कसं पाठवणार, म्हणून मीही आलोय. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी उभा आहे. कॉलेज उभं राहिल्याशिवाय दारात पाऊल टाकणार नाही, हे माझं आश्वासन मी मोडलेलं नाही. समितीच्या आत्ताच झालेल्या बैठकीत (उपस्थित : मी, आणि हरकत न घेणारा इस्त्रीवाला) त्याला फक्त मुदतवाढ देण्यात आली आहे, आणि दरम्यानच्या काळात पाऊल टाकण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. अंमलबजावणी मात्र तुमच्या हाका मारण्यावर अवलंबून आहे. आणि बावगारू, अक्का आत्ता गच्चीवर कपडे वाळत घालायला आली होती. फोनवर ती नेहमी कॅमेरा पंख्याकडे धरते, त्यामुळे मला कळलंच नव्हतं. केस सगळे पांढरे झालेत हो तिचे. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरली. तुम्हाला पोटभर हसायचं असेल तर आत बसवून हसा, मी काही बोलणार नाही. पण लवकर हाक मारा.