मीनलचा गुडघा

मंगळवार, १० ऑक्टोबर १९९५. अराद.

आज शाळेत माझ्याकडून मराठी बोललं गेलं. दुसरीतली मीनल, तिचे बाबा इथं आखातातच, सित्राला कंपनीत फिटर आहेत, मधल्या सुट्टीत पायऱ्यांवरून पडली. गुडघा चांगलाच खरचटला. "आई गं!" म्हणून रडायला लागली, तशी मी धावले. "कुठं लागलं गं बाळा?" तिनं गुडघा दाखवला आणि म्हणाली, "हिअर, मिस." पोरगी शहाणी. मीच विसरले.

सुपरवायझर मॅडमनी ऐकलं होतं. ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि चक्क हिंदीत म्हणाल्या, "आप इंग्लिश टीचर हो. कॉन्ट्रॅक्ट में लिखा है ना, स्कूल में सिर्फ इंग्लिश?" मग कागद पुढं केला. पुन्हा असं होणार नाही, खाली सही. केली मी. व्हिसा शाळेचा, खोली शाळेची, काय बोलणार? पण गुडघ्यातून रक्त येत असताना काय विचारायचं होतं मी? स्पेलिंग? आणि त्या सहीच्या गडबडीत, गुडघ्याला कुणी औषध लावलं का, तेही बघायचं राहिलं.

बसमध्ये लक्षात आलं, शुक्रवारी घरी फोन केला त्यानंतर माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलंच मराठी वाक्य. त्याचीही लेखी माफी देऊन आले.

आत्ता चहा ठेवायला उठले, तर पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली. डोळ्यांत पाणी आलं. खोलीत मी एकटी, दार बंद, ऐकायला कुणी नाही.

आणि तोंडातून निघालं, "आउच."